दादा नको म्हणाला

१२ जानेवारी

हेलिकॉप्टर एकदाचं आलं. टपाल, कांदे, आणि शाळेसाठी राजधानीहून एक खोकं. आत नवं पुस्तक, ‘बदलतं हवामान आणि ध्रुवप्रदेश’. सोबत दोन थर्मामीटर, दोन ताटल्या आणि प्लॅस्टिकचं एक पांढरं अस्वल. तिसऱ्याच पानावर शिक्षकांना सूचना: ‘मुलांना डोळे मिटून बर्फाची कल्पना करायला सांगा.’ कपाळ माझं! माझी अकरा पोरं बर्फ तुडवत शाळेत येतात, मोज्यांत बर्फ घेऊन बाकावर बसतात, आणि त्यांना मी डोळे मिटायला सांगू? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पुढची पानं वाचली तेव्हा मात्र हसू मावळलं. ग्रीनलंडचे दोन नकाशे शेजारी शेजारी दिलेत, तेव्हाचा आणि आत्ताचा. माझ्या लहानपणी आमच्या खाडीवर नोव्हेंबरात बर्फ धरायचा तो जूनपर्यंत हलायचा नाही. आज जानेवारी अर्धा होत आला तरी खाडीत काळं पाणी आणि त्यावर लापशीसारखा बर्फाचा लगदा. बोट चालत नाही, कुत्र्यांची स्लेज चालत नाही. वस्तीतले पुरुष दुकानाच्या दारात उभे राहून सिगरेटी फुंकतात आणि एकमेकांवर खेकसतात.

इतकी वर्षं शिकवतेय, पण या विषयाला कधी हात घातला नव्हता. वेळच झाला नाही.

१५ जानेवारी

पहिला धडा. एका ताटलीत पाणी आणि त्यात तरंगता बर्फ. दुसऱ्या ताटलीत पाणी, मधे दगड, दगडावर बर्फ. कुठलं पाणी वाढेल? किलाक नेहमीसारखा हात वर न करताच ओरडला, “दोन्ही!” त्याच्या जिभेला हाड नाही. निवी मात्र हनुवटी टेबलावर टेकून शेवटपर्यंत बघत बसली.

तरंगता बर्फ वितळला, पाणी होतं तेवढंच राहिलं. दगडावरचा वितळला, पाणी चढलं. म्हटलं, खाडीवरचा बर्फ आणि डोंगरावरच्या हिमनदीचा बर्फ यांत हाच फरक आहे.

“पण वाढतं ते कुणाकडे वाढतं?” निवीने विचारलं.

नकाशा काढला. भात पिकवणारे सखल देश दाखवले, बेटं दाखवली. आणि पुस्तकात आहे म्हणून हेही सांगितलं की आपल्या किनाऱ्याला पाणी उलट थोडं उतरेल, कारण बर्फाचं ओझं कमी झालं की जमीन वर येते.

मग किलाक म्हणाला, “म्हणजे आपलं ओझं उतरणार आणि त्यांच्या घरात शिरणार?”

“त्यांना माहितीय का बाई, ते आपल्याकडचं आहे म्हणून?” निवीचा चेहरा पडला. “ते रागावतील आपल्यावर.”

मी म्हटलं, नाही रागावत, त्यांना ठाऊक आहे की धूर काही आपल्या चुलीतून निघालेला नाही. पण खरंच रागावतात की काय कोण जाणे. त्यांच्यातलं मला कधी कुणी भेटलेलं नाही.

१६ जानेवारी

शाळा सुटल्यावर निवी दप्तर फेकून थेट माझ्या स्वयंपाकघरात.

“अगं बिबियाना, खायला काय आहे?”

“सुकवलेला मासा आहे. अहो, पण आधी बूट काढा.”

वर्गात आमचा नियम आहे: ती निवी आणि मी बाई. शाळेचा उंबरा ओलांडला की ती उल्लोरिआक, म्हणजे माझा नवरा. तो बर्फातून खाली गेला, त्यानंतर वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल ही. तेही त्याच्याच धाकट्या भावाच्या, पावियाच्या घरात. गेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला द्यायचं असतं, मग दुसरं ठेवणार कोण? जुडिथा आमच्या चर्चमध्ये प्रार्थना घेते, बाप्तिस्मा तीच देते. तिने पोरीच्या डोक्यावर पाणी घालून म्हटलं, निवी उल्लोरिआक. नावाबरोबर सगळी नाती पोरीच्या अंगावर आली. पाविया एवढा चाळिशीचा बाप्या, तो तिला दादा म्हणतो. मी अहो म्हणते. तिचा पुढचा दात पडला तेव्हा मी म्हटलं, “अहो, म्हातारे झालात की!” तर खो खो हसत सुटली. किलाक चिडवतो, “बाईंचा नवरा गणितात नापास होणार.” होईलही. उल्लोरिआकलाही आकडेमोड जमायची नाही.

नावाच्या माणसाला नाही म्हणू नये, ही आमची रीत. मागेल ते द्यायचं, बोलेल ते मनावर घ्यायचं. मासा संपला तसा आणखी एक दिला.

२३ जानेवारी

आठ दिवस थंडी पडली आणि खाडी धरली. पावियाने स्लेज बाहेर ओढली. त्याच्या कुत्र्यांनी असा गोंधळ घातला की वर्गात माझाच आवाज मला ऐकू येईना. संध्याकाळी स्वतः आला, दारातच उभा.

“वहिनी, पोरांना घेऊन चल की बर्फावर. ताटलीत काय बघत बसलीस?”

“माझे गुडघे दुखतात रे.”

त्याने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. येता सोडून पुढच्या सोमवारी हिमनदीच्या तोंडाशी जाणार म्हणाला, हॅलिबट मासा तिकडेच लागतोय. उल्लोरिआक खाली गेला त्याच बाजूला. मी म्हटलं, जा बाबा, तुझं तुला कळतं.

गुडघे थंडीत खरंच दुखतात.

२९ जानेवारी

आज समुद्रावरच्या बर्फाचं पान शिकवलं. पुस्तकात चारच ओळी आहेत. मी जरा जास्त बोलले असेन. फळ्यावर चित्र काढलं: वर भुसभुशीत हिम, खाली बोटभर बर्फ, त्याखाली कोमट प्रवाह, तो बर्फाला खालून कुरतडतोय. म्हटलं, “वरून सगळं सारखंच दिसतं. पाय पडेपर्यंत कळत नाही. आणि हिमनदीच्या तोंडाशी तर मुळीच कळत नाही.” पोरं चिडीचूप होती. असं लक्ष देऊन ऐकणारा वर्ग पुष्कळ वर्षांत मिळाला नव्हता.

नंतर स्वयंपाकघरात निवी म्हणाली, “अगं, पाविया सोमवारी तिकडेच जाणार.”

“जाणारच.”

“तू सांग ना त्याला.”

“माझं कुठे ऐकतो तो? ऐकेल तर तुमचं ऐकेल.”

एवढंच बोलले. त्यात खोटं काय आहे? पाविया तिचं ऐकतो हे सगळ्या वस्तीला माहीत आहे. तिने मासा अर्धा टाकला.

२ फेब्रुवारी

पाविया गेला नाही.

मलीना, त्याची बायको, दुकानात भेटली, तिने सांगितलं. काल जेवताना पोरीने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, “पाविया, यंदा बर्फावर जायचं नाही. कुठेच नाही.” पावियाचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला म्हणे. उठला, बाहेर गेला, स्लेजचे पट्टे सोडून आत आणून टांगले. आज दुकानाच्या दारात कुणीतरी विचारलं, “काय रे, निघाला नाहीस?” तर एवढंच म्हणाला, “दादा नको म्हणाला.” कुणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच ते.

संध्याकाळी आडवी झाले तर फार गाढ झोप लागली. हवा बदलली असेल.

४ फेब्रुवारी

सूर्य! दुपारी डोंगराच्या खाचेतून चिमूटभर दिसला आणि गेला. पोरांना टेकडीवर नेलं होतं, सगळ्यांनी टोप्या काढून गाणं म्हटलं. वस्ती झाडून सारी लोटली होती. पाविया एकीकडे खिशात हात घालून उभा होता. खाली त्याची कुत्री रडत होती.

१३ फेब्रुवारी

दोघंतिघं बर्फावर जाऊन मासा घेऊन आले. किलाकच्या बापाची स्लेज एका जागी पुढून पाण्यात बसली. कुत्र्यांनी ओढून काढली म्हणून निभावलं. सगळे म्हणाले, उल्लोरिआकला कळलं होतं. मीही मनात म्हटलं, बघा. शास्त्रही तेच सांगतं, पोरही तेच सांगतं, मग बिघडलं कुठे?

पावियाच्या घरी शेजाऱ्यांचा मासा जातो. रीतच आहे, ज्याला मिळालं त्याने वाटायचं. पण पाविया आजवर वाटणाऱ्यांतला होता, घेणाऱ्यांतला नाही. मी सीलचं जुनं मटण नेऊन दिलं कुत्र्यांसाठी. त्याने ते घेतलं, माझ्याकडे न बघता.

निवीने पुस्तक घरी वाचायला मागितलं. दिलं. केवढी गोडी लागलीय पोरीला!

२० फेब्रुवारी

निवी रोज सकाळी एकच प्रश्न विचारते. “बाई, बर्फ कधी बरा होईल?” मी सांगते, थंडी पडली की. “आणि बरा झाला हे कुणाला कळेल?” किलाक म्हणाला, “तुलाच कळणार ना, तू तर उल्लोरिआक.” तो चिडवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटतं.

३ मार्च

ऊन चांगलं येतं आता. शाळेमागच्या हिमावर एक काळं फडकं आणि एक पांढरं फडकं अंथरून ठेवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊन बघितलं तर काळं खाली बसलेलं, पांढरं जिथल्या तिथे. पोरांना सांगितलं, पांढरा बर्फ ऊन परत धाडतो, काळं पाणी ऊन गिळतं.

“म्हणजे बर्फ गेला की त्याच्यामुळे आणखी जातो?” निवी.

“हो.”

“मग थांबवायचं कसं?”

पुस्तकाचं शेवटचं पान वाचलं: नको तेव्हा दिवे बंद करा, वस्तू जपून वापरा, मोठ्यांशी बोला. किलाक म्हणाला, “आमच्याकडे एकच दिवा आहे बाई.” सगळे हसले. निवी हसली नाही. वहीत उतरवून घेत होती, मोठ्यांशी बोला.

एकदम वाटलं की हे मी काय करतेय? ज्यांनी काही केलं नाही त्या अकरा पोरांना समोर बसवून सगळ्या पृथ्वीचं गाऱ्हाणं त्यांना ऐकवतेय. पण न सांगावं तर तेही खोटेपणाचं. खिडकीतून दिसतंच आहे त्यांना. पुस्तक मिटलं आणि गाणी घेतली.

६ मार्च

मलीना म्हणते, पोर अंथरूण ओलं करते हल्ली. हातमोज्यांची बोटं चावून चावून भोकं पाडलीत. “शाळेत काही झालं का?” मी म्हटलं, नाही, उलट वर्गात सगळ्यांत पुढे आहे.

दुपारी निवी आली. बूट काढलेच नाहीत.

“अगं, उल्लोरिआक काय म्हणाला असता?”

“कशाबद्दल?”

“पावियाने जावं की नाही, त्याबद्दल.”

“ते मी काय सांगणार? तुम्हीच सांगा. तुम्हीच ना ते?”

तशीच काही न खाता गेली. सर्दी होणारसं दिसतं.

१२ मार्च



पाविया आला. ओतलेली कॉफी प्यायला नाही. म्हणाला, निवीचा वाढदिवस झाला की राजधानीला जाणार. कायमचं. मलीनाच्या भावाने तिथल्या मासळीच्या कारखान्यात काम बघून ठेवलंय.

“आणि कुत्री?”

“तिकडे स्लेजची कुत्री ठेवू देत नाहीत. इथे कुणाला देऊ? जो तो कमीच करतोय.” मग भिंतीकडे बघत म्हणाला, “बंदूक साफ करून ठेवलीय.”

मी म्हटलं, अरे, मार्चभर कडाका आहे. हिमनदीची बाजू सोड, पण अलीकडे, बेटाच्या आडोशाला तरी जाऊन बघ.

“दादा ‘कुठेच नाही’ म्हणाला.”

“अरे, नऊ वर्षांची पण नाही ती अजून!”

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “वहिनी, तेव्हा बर्फावर दादाने मला हाक मारून सांगितलं होतं. परत फिरू या, बर्फाचा आवाज बरा नाही. मीच म्हटलं, थोडंच राहिलंय, चल. तो माझ्यासाठी पुढे गेला. आता दुसऱ्यांदा सांगतोय तर मी पुन्हा ऐकू नको?”

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या कपातली कॉफी ओतून दिली आणि कप धूत राहिले.

निवी जाणार. शाळा सुटल्यावर दारात दप्तर पडणार नाही. ‘अगं’ म्हणून हाक मारणारं कुणी उरणार नाही मला या वस्तीत.

१४ मार्च

जुडिथाकडे गेले. तिला म्हटलं, तू नाव दिलंस, तुझं वजन आहे. पोरीला बोलावून घे आणि सांग, म्हणावं, आता बापाला जा म्हण.

जुडिथा मोजे विणत होती. हात न थांबवता म्हणाली, “म्हणजे पुन्हा तिच्याच तोंडून?”

“मग कुणाच्या? पाविया दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही.”

“आणि उद्या तो बुडाला तर? ते कुणी सांगितलं म्हणायचं? बिबियाना, मी त्या पोरीला नाव दिलं होतं, नोकरी नाही दिली.”

“काहीतरी बोलू नकोस.”

“नाव कशाला देतो आपण? गेलेला कुठेतरी कुडकुडत असेल, त्याला ऊब मिळावी म्हणून. त्याच्या नावाने कुणीतरी पोटभर जेवावं, हट्ट करावा म्हणून. त्याने परत येऊन आपल्या भानगडी निस्तराव्यात म्हणून नाही.” मग वर बघून विचारलं, “पहिल्यांदा तिच्या डोक्यात कुणी भरवलं हे?”

मी ताडकन उठले. दार आपटलंच असणार माझ्याकडून. जुडिथाला पोर ना बाळ, तिला काय कळतंय!

मला तरी कुठे आहे.

२१ मार्च

निवीचा वाढदिवस. सकाळपासून पावियाचं घर उघडं. माणसं येताहेत, दारात बूट काढताहेत, कॉफी पिऊन उठताहेत, की लगेच दुसरी बसताहेत. मलीनाने चार तऱ्हांचे केक केले होते. बहुतेक भांडी आधीच बांधून झालीत, त्यामुळे कप शेजारपाजारचे. मी निवीला लोकरीचा टोप दिला. “अहो, घालून बघा,” म्हटलं. तिने घातला, डोळ्यांवर ओढून घेतला आणि तसाच ठेवला.

मी निघणारच होते, तेवढ्यात पाविया उभा राहिला. खोली भरलेली होती. जुडिथा, किलाक, त्याचा बाप, सगळे होते. पाविया पोरीसमोर गुडघ्यांवर बसला.

“दादा, सगळ्यांच्या देखत विचारतो. बर्फ धरलाय. कुत्री तुझी आहेत, त्यांची पणजी तू वाढवलीस. एकदाच सांग. जा म्हणालास तर मी राहतो. नको म्हणालास तर उद्या सकाळी...”

निवीने टोप वर केला. ओठाला केकचं क्रीम लागलेलं. तिने बापाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. ती बघतेय म्हणून सगळेच माझ्याकडे बघायला लागले.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “मी नऊ वर्षांची आहे.”

मग तिला रडू फुटलं. “मला बर्फातलं काही कळत नाही. मला भीती वाटली म्हणून बोलले मी. मी पुस्तक सगळं वाचलं, त्यात पण नाही.”

मी पुढे झाले. तोंडून जे आलं ते असं आलं: “पाविया, तिला मी बोलायला लावलं. भीती माझी होती. मला तू तिकडे जायला नको होतास, आणि तुला सांगायची माझी छाती नव्हती. दादाने काही सांगितलेलं नाही. तो कसा सांगेल? तो गेला.”

नऊ वर्षांत हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. लोक म्हणायचे तेव्हा मी मान हलवायचे. मी खाली बसले. पाविया उठला आणि अंगात कोट न घालताच बाहेर गेला. मलीना म्हणाली, “केक घ्या सगळ्यांनी,” आणि तीही रडायला लागली. जुडिथाने माझ्या हातात कप दिला. “घे. गरम आहे.” बाकी एक अक्षर बोलली नाही, तिचे उपकार.

निवी माझ्याजवळ आली, नाक पुसत. “मग मी आता उल्लोरिआक नाही?”

“आहेस तर. कुठे जातेस?”

“मग?”

“मग काही नाही. खायचं, हट्ट करायचा, मला ओरडायचं. पण तो काय म्हणाला असता ते तू सांगायचं नाहीस. ते आमचं आम्ही बघू. आम्ही मोठे आहोत ना?”

तिने विचार केला. “मग आणखी एक केक घेऊ?”

दोन घेतले.

२४ मार्च

तीन दिवस पाविया कुणाशी बोलला नाही. कुत्री मात्र जिवंत आहेत. आज गणिताच्या तासाला दार उघडलं, पाविया आत. हातात लांब लोखंडी पहार.

“वहिनी, वर्ग घेऊन चल.”

“अरे, माझे गुडघे...”

“गुडघे घेऊन चल.”

पोरं हसली. माझाही नाइलाज झाला.

किनाऱ्याला भेग आहे, ती ओलांडली की बर्फ. पोरं उड्या मारून गेली. मी थांबले. पावियाने हात पुढे केला. मी पाय टाकला. खाली काही झालं नाही. तरी कपाळावर घाम, एवढ्या थंडीत. नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, पण वाटायचं, तो खालीच आहे कुठेतरी आणि मी त्याच्या डोक्यावरून चालेन. चालले. रडले थोडी, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतंच असं समजून पोरांनी लक्ष दिलं नाही.

पाविया पुढे, आम्ही मागे ओळीने. तो पहार मारायचा, आवाज ऐकायचा, मग एकेका पोराला मारायला लावायचा. एका घावात आरपार गेली तर माणूसही नाही. तीन घावांनी पाणी आलं नाही तर स्लेजही चालेल. किलाक भोकात पट्टी घालून जाडी मोजत होता, निवी लिहून घेत होती. बेटाच्या आडोशाला बर्फ चांगला निघाला. मग आम्ही हिमनदीच्या दिशेला वळलो. थोडं गेलो आणि पावियाची पहार एका घावात खाली गेली. बाहेर ओढली तर भोकातून काळं पाणी वर आलं. वरून हिम अगदी तसंच होतं, स्वच्छ.

पाविया त्या पाण्याकडे बघत राहिला. मी त्याच्या बाजूला उभी होते. निवीकडे त्याने बघितलं नाही, मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं.

“इथून पुढे नाही,” तो म्हणाला.

परतताना त्याने ठरवून टाकलं. या वर्षी बेटाच्या आड मासा धरणार. तिकडे लहान लागतो, पण लागतो. राजधानीचं पुढच्या हिवाळ्यात बघू. तीन म्हातारी कुत्री ठेवता येणार नाहीत. ते काम त्याने संध्याकाळी उरकलं. तीन आवाज मी घरात बसून ऐकले. निवीनेही ऐकले असणार.

माझ्या बाजूने एवढंच ठरवलंय की पुस्तक शिकवायचं, सगळं शिकवायचं, काही लपवायचं नाही. पण शेवटचं पान यापुढे पोरांना नाही. ते शनिवारी मोठ्यांना बोलावून वाचणार आहे. जुडिथा म्हणाली, कोण येणार? म्हटलं, केक ठेवू.

२७ मार्च

पाविया आज पहाटे गेला. नऊ कुत्री, गळांचा लांब दोर, पहार. मलीना कारखान्यातलं काम नाकारायचा फोन करायला आणि कुत्र्यांसाठी मटण मिळतंय का बघायला जुडिथाकडे गेलीय, म्हणून निवी माझ्याकडे आहे. दुपारी आत आल्या आल्या दप्तर फेकलं. “अगं, भूक!” म्हटलं, अहो, बूट. सगळं जिथल्या तिथे आलंय असं वाटलं, पण नाही. तिने मला उल्लोरिआकबद्दल काही विचारलं नाही, मीही तिला नाही.

आता संध्याकाळ झाली. उजेड आहे अजून, बेटामागे गुलाबी पडलंय. पावियाने सांगितलेल्या वेळेहून उशीर झालाय. मासा जास्त लागला असेल. वारा समोरून असेल. कुत्री दमली असतील, आधी अर्धपोटीच होती. बर्फ तिकडचा चांगला आहे, मी स्वतः उभी राहिलेय त्यावर. तरी खिडकीशी वही घेऊन बसलेय, एक ओळ लिहिते आणि बघते.

निवी जमिनीवर पुठ्ठ्याची कुत्री कापून ओळीने लावत होती. आत्ता उठून माझ्याजवळ आली.

“अगं, मघापासून इथेच बसलीयस.”

“हो.”

“भीती वाटतेय?”

“हो. खूप.”

तिने काचेतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

“तो येईपर्यंत तू बघणारेस?”

“बघणार.”

“मग मी खेळू?”

“खेळ.”